ओझेलाचं पिठाचं घर

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर घर नाही, नुसती घराची जागा आहे.

अलाबामाच्या डोंगराळ भागातली सप्टेंबरची सकाळ. मधोमध मातीचा एक लांबट चौकोन. वर्षानुवर्षं ऊन न लागल्यामुळे तो आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फिकट पडलेला. डाव्या विंगेत रस्ता आणि कलती टपालपेटी. उजव्या विंगेत शेजाऱ्याचा रानद्राक्षांचा मांडव, त्यामागे त्याची पडवी, पडवीत खुर्ची आणि खुर्चीत शेजारी. मागच्या पडद्यावर ओहोळ आणि पाइनची झाडं. आणि ऐन मध्यभागी, केसांना गुलाबी रोलर लावलेली, फुलाफुलांच्या झग्यातली एक भरभक्कम बाई कमरेत वाकून पिठाची भिंत घालते आहे.

पीठ म्हणजे खरंच पीठ. गेल्या वसंतातल्या तुफानाने मागचा ओक ओझेला हार्गेटच्या ट्रेलरवर आडवा केला, तेव्हा ती चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली होती. परत आली तर घराचे दोन तुकडे, आणि त्यांच्या मधोमध सुखरूप उभी अशी पिठाची गोणी. पुढे त्या पिठात किडे झाले. टाकून द्यायला तिचा जीव होईना. शेवटी तिने त्याच पिठाने, रांगोळी घालावी तसं, येणाऱ्या नव्या घराचं चित्र जमिनीवर काढलं. ही बैठक, ही झोपायची खोली, ही मोरी, हे स्वयंपाकघर. दार कुठे ते कळावं म्हणून भिंतीत फट ठेवली आणि फटीपुढे खरं पायपुसणं टाकलं.

आमच्याकडे घर बांधत नाहीत, मागवतात. कारखान्यात तयार होतं, ट्रकमागून चाकांवर येतं, आणि एकदा जागेवर बसलं की आयुष्यात पुन्हा हलत नाही. तरी त्याला म्हणायचं ट्रेलर. ओझेलाचं जुनं ट्रेलर आगगाडीच्या डब्यासारखं अरुंद होतं. त्यात तिचा संसार झाला, नवरा हार्लन म्हातारा झाला आणि गेलाही. ती स्वतः मोज्यांच्या गिरणीत बोटांकडची शिवण घालायची. निम्म्या अमेरिकेची बोटं मी झाकली, असं ती कोणालाही, न विचारता सांगे. पण आयुष्यभर एक गोष्ट तिच्या मनात राहिली होती: भांडी घासताना समोर खिडकी हवी. जुन्या घरात घासायच्या जागेसमोर भिंत होती आणि भिंतीवर विमा कंपनीचं कॅलेंडर. नवं घर दोन अर्ध्यांत येणार होतं, रुंद, आणि त्यात बेसिनच्या वर खिडकी होती. विक्रेत्याकडे ते पाहिल्यावर ओझेलाने बाकीचं घर पाहिलंच नाही. त्या खिडकीसमोर उभी राहून तिने हवेतच एक ताटली घासली, विसळली, आणि म्हणाली की हेच.

विक्रेता म्हणाला, महिनाअखेरपर्यंत थांबतो, घर बसवायचा परवाना आणा. नाहीतर दुसरं एक जोडपं याच घरावर डोळा ठेवून आहे.

तोवर ओझेला राहत होती थोरल्या बहिणीकडे, गावातल्या विटांच्या घरात. बहिणीचं नाव व्हॉन्सील, पण ओझेला तिला ताईच म्हणे. ताईच्या सोफ्यावर प्लास्टिकचं आवरण होतं; बसलं की आवाज यायचा, आणि आवाज आला की आतून ताई विचारायची की कोण बसलं. टॉवेल दोन प्रकारचे होते, वापरायचे आणि बघायचे. ताई मनाने वाईट नव्हती. तिला एवढंच वाटत होतं की धाकटीने आता कायमचं इथेच राहावं, आठ वाजता झोपावं आणि बघायच्या टॉवेलांना हात लावू नये. परवाना मिळाला नाही तर नेमकं हेच व्हायचं होतं, आणि ओझेलाला ते पक्कं ठाऊक होतं.

परवान्याची वाट सरळ नव्हती. मैल्याच्या टाकीला आरोग्य खात्याची मंजुरी मिळाली. त्यांनी खड्डा खणून, पाणी ओतून ते किती वेळात जिरतं ते पाहिलं होतं. पण विजेचा खांब हवा तर घराचा परवाना दाखवा. परवाना हवा तर मोजणीचा नकाशा दाखवा, कारण शेजाऱ्याच्या हद्दीपासून ठरावीक अंतर मोकळं सोडलंच पाहिजे. ही सगळी माहिती कचेरीच्या खिडकीत बसणारी ट्वायला देत असे. ही ट्वायला रविवारी चर्चमध्ये ओझेलाच्या खांद्याला खांदा लावून गायची, तिच्याच पुस्तकात डोकावून. पण सोमवारी खिडकीच्या पलीकडे बसली की ओळख दाखवायची नाही. ओझेलाने एकदा तिला विचारलं की बाई, काल माझ्या हातचं केळ्याचं पुडिंग तूच दोनदा घेतलंस ना. ट्वायला म्हणाली, अर्जदाराचं पूर्ण नाव सांगा.

म्हणून त्या सकाळी मोजणीदार येणार होता, आणि म्हणून ओझेला पहाटेपासून घर आवरत होती.

मोजणीदाराचं नाव टिडमोर. उंच, शिडशिडीत, ओठांच्या कोपऱ्यात दात कोरायची काडी. त्याने गाडीतून मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई काढली, जमिनीवरचं पिठाचं चित्र पाहिलं, क्षणभर थांबला, आणि पायपुसण्यावर बूट पुसून दारातून आत आला. ओझेलाला तो तिथेच आवडला. तिने त्याला बैठकीतून नेलं, झोपायची खोली दाखवली, गार चहा दिला. पुढे कामाच्या नादात त्याने तिपाई नेमकी मोरीत उभी केली, तेव्हा तिने एवढंच सुचवलं की निदान दार तरी लोटून घ्या.

हा सगळा प्रयोग पलीकडच्या पडवीतून हॉइट बघत होता.

हॉइट टकर म्हणजे ओझेलाचा शेजारी. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, चर्चच्या पंचांपैकी एक. रविवारी पहिल्या बाकावर ताठ बसायचा. त्याच्या रानद्राक्षांच्या जेलीला जत्रेत दरवर्षी पहिल्या नंबरची निळी फीत मिळे. शिडी मात्र तो कोणाला उसनी देत नसे. हार्लन आणि तो आयुष्यभर एकमेकांशी नाल फेकत आले. आमच्याकडचा हा जुना खेळ: जमिनीत समोरासमोर दोन लोखंडी खुंट ठोकायचे, एकापाशी उभं राहायचं आणि घोड्याची नाल दुसऱ्यात अडकवायची. हार्लन गेल्यावर ओझेलाने त्याची जागा घेतली आणि हॉइटला हरवायला लागली, तेव्हापासून दोघांचं रोज एकदा भांडण व्हायचं. पिठाच्या घरावरून तर फारच. हॉइट मुद्दाम भिंतीतून चालत यायचा.

"दार तिकडे आहे," ओझेला म्हणायची.

"मला तर भिंत दिसत नाही."

"तुला नाल तरी कुठे दिसते."

तर टिडमोर रस्त्याकडून मोजत निघाला. हातात लोखंड शोधायचं यंत्र, दुसऱ्या हातात जुन्या खरेदीखताची नक्कल. पूर्वीचे मोजणीदार हद्दीच्या कोपऱ्यावर, हाताला लागेल ते लोखंड ठोकत: बंदुकीची नळी, नांगराचा फाळ, काहीही. ओझेलाच्या खतात लिहिलं होतं की हद्द रस्त्यापासून निघते आणि मोटारीच्या जुन्या अ‍ॅक्सलपाशी, म्हणजे चाकांच्या लोखंडी दांड्यापाशी, वळते. यंत्र किणकिणलं. टिडमोर गुडघ्यावर बसला, गवत बाजूला केलं, आणि म्हणाला की सापडला, हा पहा अ‍ॅक्सल.

ओझेला जवळ जाऊन बघते तो तिचा नाल फेकण्याचा खुंट.

टिडमोरने झाडाच्या खोडांना गुलाबी फिती बांधल्या. त्या खुंटापासून हद्दीची रेघ निघाली ती सरळ येऊन पिठाच्या घराच्या उशालगत गेली. सोडायचं अंतर धरलं तर स्वयंपाकघर पास, बैठक पास, आणि झोपायची खोली साफ नापास. घर दुसऱ्या बाजूला सरकवावं तर तिथे मैल्याच्या टाकीच्या नळ्या, त्यांच्यावर घर चालत नाही. मागे सरकवावं तर ओहोळ. पुढे सरकवावं तर रस्ता.

ओझेला म्हणाली, हा तर हार्लनचा खुंट आहे. तो इथे नुसता खेळायला ठोकला आहे.

टिडमोरने काडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. "ओझेलाबाई, मला एकच सांगा. डाव खुंटापाशी आला, की खुंट डावापाशी आला?"

म्हणजे असं, की हद्दीचा खुंट आधीच तिथे होता म्हणून या लोकांनी त्याच्याशी खेळ मांडला, की हद्दीवरचा खुंट उपटून खेळाच्या जागी आणला? टिडमोरने समजावून सांगितलं की कागदावरचं अंतर आणि हा खुंट यांचा मेळ बसत नाही. पण जुन्या मोजण्या साखळीने व्हायच्या, उतारावर चुकायच्या. तेव्हा कायद्याचा नियम असा की जमिनीत सापडलेलं लोखंड कागदापेक्षा मोठं. ते हलवलं गेलं हे शपथेवर सांगणारा साक्षीदार असेल तरच त्याचं मोठेपण जातं.

ओझेलाला माहीत नव्हतं. तो खुंट ठोकला तेव्हा ती गिरणीत दुसऱ्या पाळीला असायची. एका रात्री घरी आली तर अंगणात डाव मांडलेला. ठोकणारे दोघे होते. एक डोंगरावरच्या दफनभूमीत. आणि दुसरा पडवीत.

पडवीतल्या खुर्चीत आता कोणी नव्हतं. जाळीचं दार हलत होतं.

ओझेला गेली, हाका मारल्या. हॉइट आतून म्हणाला की त्याला ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी ऐकू आलं, पण आठवत नव्हतं. ज्या माणसाला कितव्या वर्षी कोणत्या पाद्र्याने किती लांब प्रवचन दिलं तेही आठवायचं, त्याला एक खुंट आठवेना. तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन आला, भिंतीतूनच, आणि टोपी न काढता म्हणाला की तुला जागा कमी पडते ना, मग माझ्याकडची पट्टी घे. फुकट घे. कुठे सही करू सांग. फक्त त्या लोखंडाचं नाव काढू नकोस.

ज्याने शिडी कधी उसनी दिली नाही, तो जमीन फुकट देत होता.

ती धावत कचेरीत गेली. खिडकीतली ट्वायला म्हणाली, पट्टी बक्षीस द्यायची तर दोन्ही जमिनींचे तुकडे नव्याने पाडावे लागतील, ते समितीपुढे जाईल, समिती आता थंडीनंतर बसेल. पुढचा अर्जदार. ओझेला बाजूला झाली. तोपर्यंत ते घर दुसऱ्या जोडप्याचं झालेलं असणार, खिडकीसकट.

महिना सरत आला. ओझेलाने हॉइटला पुन्हा विचारलं नाही. माणसाला एकदा विचारावं, दोनदा विचारावं, तिसऱ्यांदा विचारलं की त्याच्या तोंडून निघतं ते उत्तर नसतं, असं तिचं मत होतं. ती रोज यायची, पिठाच्या स्वयंपाकघरात एका खऱ्या खुर्चीवर बसायची आणि खिडकी असती त्या दिशेला बघायची. मुंग्यांनी एव्हाना मोरीची एक भिंत नेली होती.

मग एका दुपारी ताई आली. गाडीत खोकी, हातात झाडू. ताईचं म्हणणं सरळ होतं: लोक हसतात. पंचाहत्तरीला टेकलेली बाई पिठाच्या घरात बसते, कोणी गेलं तर पाय पुसा म्हणते. पुरे झालं हे नाटक. तुझी खोली मी तयार केली आहे, पडदे धुतले आहेत.

ओझेलाने खुर्ची उचलली, घडी केली आणि दारातून बाहेर आली. शेवटपर्यंत दारातून.

ताईने झाडू चालवायला सुरुवात केली. आधी बैठकीची भिंत गेली. मग मोरी. पांढरा धुरळा उडाला, कोंबड्या धावत आल्या. ताई स्वयंपाकघराकडे वळली, आणि पलीकडे जाळीचं दार वाजलं.

हॉइट आला. घाईत आला, पण आपल्या मांडवाखालून सरळ न येता रस्त्यावरून फेरा घालून आला. घराच्या पुढच्या बाजूला आला. पायपुसण्यावर थांबला. उजवा बूट पुसला, डावा बूट पुसला, टोपी काढली. वाजवायला दार नव्हतं, म्हणून खाकरला.

"ओझेला, आहेस का घरात?"

ताई झाडू टेकून म्हणाली की उघड्यावर उभी आहे ती, दिसत नाही का तुला.

"ताई, जरा थांब," ओझेला म्हणाली. "दारात कोणीतरी आलंय." तिने खुर्ची पुन्हा उघडली, आत जाऊन मांडली, रोलरवरून हात फिरवला. "ये हॉइट. उघडंच आहे."

तो आत आला. खुर्चीत बसला नाही, उभाच राहिला, चर्चमध्ये उभं राहतात तसा.

"खुंट डावापाशी आला," तो म्हणाला.

आणि मग सगळं बाहेर पडलं. हार्लनला आणि त्याला डाव मांडायचा होता, एक खुंट होता, दुसरा नव्हता. झुडपात हा अ‍ॅक्सल उभा दिसला. इतकं चांगलं लोखंड फुकट उभं आहे म्हणून दोघांनी साखळी लावून ओढला. निघता निघेना. निघाला तेव्हा दोघं उताणे पडले आणि हसत सुटले. डाव मांडला. पहिली नाल हार्लनची, अडकली. आणि त्याच आठवड्याच्या रविवारी पाद्र्याने वाचलं, की शेजाऱ्याच्या हद्दीची खूण हलवणाऱ्यावर शाप आहे, आणि सगळ्या लोकांनी आमेन म्हणावं. सगळे म्हणाले. हार्लनही म्हणाला. हॉइटच्या तोंडून मात्र निघेना. हार्लन म्हणायचा, वेड्या, खूण माझी, मीच हलवली, मला कसला शाप. पण हॉइट शेजारी होता. शाप शेजाऱ्यालाच होता. त्याने रात्रीतून उपटलेल्या लोखंडाचं भोक वरून बुजवलं, दिसू नये म्हणून त्यावर रानद्राक्षाचा वेल लावला. वेल पसरला, त्याला मांडव घालावा लागला, मांडवाला द्राक्षं आली. लोक जेलीची तारीफ करू लागले, फिती मिळू लागल्या, आणि त्याला पंच केलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

"दरवर्षी ते वाचायची वेळ आली की मी उठून चर्च तापवायची भट्टी बघायला जातो," हॉइट म्हणाला. "तुम्हां कोणाला कधी नवल नाही वाटलं? भर उन्हाळ्यात मी भट्टी बघायला जातो?"

"आम्हांला वाटायचं तुला लघवीचा त्रास आहे," ओझेला म्हणाली.

हॉइटने मान वर केली. "सगळ्यांना?"

"गाणाऱ्या सगळ्या बायकांना. आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करायचो."

पहिलं हसू ताईचं फुटलं, हे सांगायला हवं. विटांच्या घरातली ताई, जिला कोणी दात दाखवून हसताना पाहिलं नव्हतं, ती झाडूला धरून खाली बसली. मग ओझेला, मग अगदी शेवटी आणि सगळ्यांत जास्त वेळ हॉइट. रोलर सुटून पडत होते, कोंबड्या ते दाणे समजून टोचत होत्या, आणि तिघं म्हातारी माणसं बैठक नसलेल्या घरात डोळे पुसत बसली होती. हॉइटने ताईच्या हातातून झाडू काढून घेतला आणि तो पडवीच्या पलीकडे ठेवून आला. जाताना आणि येताना दारातून.

टिडमोर दुसऱ्याच दिवशी आला. हॉइटने त्याला मांडवात नेऊन सगळ्यांत जुन्या वेलाचं बुड दाखवलं. मुळं न दुखावता खणायचं होतं, म्हणून कुदळ बाजूला ठेवून ओझेलाचा मोठा पळा आणला. टिडमोरने पोटावर आडवं होऊन पळ्याने माती काढली. हातभर खाली माती लाल-तपकिरी झाली, गंजाचे पापुद्रे निघाले, आणि त्यांच्यामधून सरळ खाली जाणारं, अ‍ॅक्सलच्या जाडीचं भोक. कागदावरचं अंतर तिथे बरोबर जुळलं. साखळीवाले जुने मोजणीदार चुकले नव्हते. हॉइटने शपथेवर लिहून दिलं. खूण हलवणं गुन्हा आहे ना, तुरुंगात मीच गाडी चालवत येऊ का, असं त्याने विचारलं. टिडमोरने काडी बाहेर काढून सांगितलं की सध्या तुम्ही नुसता पळा धरा.

त्या भोकात नवा खुंट बसला. हद्द पलीकडे सरकली, झोपायची खोली पास झाली, आणि मांडवाच्या दीड ओळी ओझेलाच्या जमिनीत आल्या.

ती नकाशा घेऊन कचेरीत गेली. ट्वायलाने तो उलटा केला, सुलटा केला, बोटाने रेघ तपासली. अर्जदाराचं पूर्ण नाव विचारलं. मग शिक्का उचलला, फुंकर घातली आणि असा मारला की शेजारच्या खिडकीतला माणूस दचकला. परवाना खिडकीतून बाहेर आला, आणि त्याच्यामागोमाग ट्वायलाचं सगळं तोंड. तिने ओझेलाचे दोन्ही गाल धरले आणि पुडिंगची आठवण केली.

घर आलं तेव्हा रस्त्यावर दोन्हीकडे लोक उभे होते. दोन ट्रक, दोन अर्धी घरं, उघड्या बाजूला प्लास्टिक फडफडतंय. पहिलं अर्धं घर वळणावर अडकलं. टपालपेटी काढावी लागली, आणि ती काढायला हॉइट आपली शिडी घेऊन धावला, जरी टपालपेटीला शिडी लागत नाही. दोन अर्धी जोडली गेली तेव्हा मधली फट बोटभर राहिली, मग चार बोटं झाली, मग कोणीतरी ओरडलं की अजून रेटा, आणि फट मिटली. विजेचा दिवा लागला. ओझेलाने कोणालाही आत घेतलं नाही. आधी एकटी गेली. बाहेरून सगळ्यांना दिसलं: ती खिडकीत उभी राहिली, नळ सोडला, आणि आपल्या हातात ताटली आहे की नाही हे न बघताच घासायला लागली.

पहिल्याच रविवारी हॉइट चर्चमध्ये उठून उभा राहिला.

कोणी सांगितलं नव्हतं. वाचनही त्या भागाचं नव्हतं. पण त्याने ठरवलं होतं की सगळ्यांसमोर सांगायचं आणि पंचपद सोडायचं. तो बोलायला लागला आणि थांबेना. साखळी सांगितली, वेल सांगितला, प्रत्येक निळी फीत वर्षासकट सांगितली. मग त्याला लहानपणी चोरलेलं कलिंगडही आठवलं. हवा गरम होती, लोक पुठ्ठ्याचे पंखे हलवत होते, आणि हॉइट रडत रडत एकेक पाप नावनिशीवार मोजत होता. शेवटी तो म्हणाला की माझ्या जागी चांगला माणूस बसवा. पाद्रीबुवांनी विचारलं की ज्या व्यक्तीची हद्द हलवली गेली, तिला काही म्हणायचं आहे का.

गाणाऱ्या बायकांच्या रांगेत ओझेला उभी राहिली. केस सोडलेले, नवा झगा.

"म्हणायचं काय त्यात? जमीन माझी, खुंट माझा, आणि साखळीचं दुसरं टोक धरणारा नवराही माझाच. खुंट जागेवर आलाय, तेव्हा हॉइट पण आपल्या बाकावर बसेल. आता पाद्रीबुवा, आमेन म्हणा आणि सोडा सगळ्यांना. माझ्या घरात शेगडीवर कोंबडी ठेवून आलेय, आणि हा माणूस तिथेच जेवणार आहे."